विश्लेषण : आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी पहिली मॅरेथॉन… पाय आणि पैसा, दोन्हीचा हिशेब कसा ठेवायचा?

पावसाळा ओसरला, की सांगलीच्या विश्रामबाग परिसरात पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढू लागते. नेमिनाथनगर, विलिंग्डन आणि वालचंद महाविद्यालयांचा परिसर, मिरजेकडे जाणारा रस्ता अशा ठिकाणी अंधारातच बुटांचा आवाज येतो. कुणाला वजन कमी करायचे असते, कुणाला पोलीस भरतीची तयारी करायची असते. काही जणांच्या डोक्यात मात्र जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन असते. त्यातही थोडे असे असतात, ज्यांना केवळ पदक नको असते. घरात किंवा नात्यात एखादा आनुवंशिक आजार असतो आणि त्या आजारासाठी काम करणाऱ्या संस्थेला धावण्यातून निधी मिळवून द्यावा, असे त्यांना वाटते. विचार चांगला आहे, पण त्यात दोन जोखमी आहेत. एक शरीराची आणि दुसरी लोकांच्या विश्वासाची. दोन्ही कशा सांभाळायच्या, हे हिमोफिलिया या आजाराच्या उदाहरणातून पाहू.

धावणे आणि देणगी यांची सांगड कधीपासून?

मॅरेथॉनचे आजचे ४२.१९५ किलोमीटर अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये ते अधिकृत ठरले. देणगीची जोड त्यानंतर बऱ्याच काळाने मिळाली. कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाचा एक पाय कर्करोगामुळे काढावा लागला होता. १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर अंतर कापले आणि कर्करोग संशोधनासाठी निधी उभा केला. १९८८ मध्ये अमेरिकेत ब्रूस क्लेलँड यांनी रक्ताच्या कर्करोगाशी झगडणाऱ्या आपल्या मुलीसाठी ३८ जणांचा चमू न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये उतरवला. त्यातून तीन लाख २२ हजार डॉलर जमले. ‘आम्ही तुम्हाला धावायला शिकवतो, तुम्ही आमच्यासाठी निधी उभारा’ ही पद्धत तिथून रुजली.

लंडन मॅरेथॉन १९८१ मध्ये सुरू झाली. २०२४ मध्ये या एका शर्यतीतून सात कोटी ३५ लाख पौंड जमले. तिथे बहुतेक धावपटू हौशी असतात आणि त्यातले कितीतरी पहिल्यांदाच मॅरेथॉन धावत असतात. निधी उभारणीचे खरे बळही याच हौशी लोकांत असते. कारण रोज कार्यालयात बसणारा आपला सहकारी ४२ किलोमीटर धावणार म्हटल्यावर ओळखीचे लोक खिशात हात घालतात.

आपल्याकडे ही पद्धत कशी चालते?

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. प्रोकॅम इंटरनॅशनल तिचे आयोजन करते आणि ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था निधी उभारणीची बाजू सांभाळते. सहभागी सामाजिक संस्थांकडे धावपटूंचे काही क्रमांक राखीव असतात. ठरलेली देणगी देऊन किंवा निधी उभारून त्या क्रमांकावर धावता येते. दुसरा मार्ग म्हणजे नेहमीप्रमाणे नोंदणी करायची आणि एखाद्या सहभागी संस्थेसाठी निधी उभारणीचे पान उघडायचे. देणगीदाराचे पैसे धावपटूच्या खात्यात येत नाहीत, ते ठरलेल्या व्यवस्थेतून संस्थेकडे जातात. हा मुद्दा महत्त्वाचा असून त्याकडे पुढे पुन्हा येऊ.

आनुवंशिक आणि दुर्मीळ आजारांच्या बाबतीत देशातले ठळक उदाहरण बंगळूरुचे आहे. ‘ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसीजेस इंडिया’ या संस्थेने २०१६ मध्ये ‘रेसफॉरसेव्हन’ ही सात किलोमीटरची दौड सुरू केली. जगात सुमारे सात हजार दुर्मीळ आजार आहेत, निदान होण्यास सरासरी सात वर्षे लागतात आणि भारतात अंदाजे सात कोटी लोकांना असे आजार आहेत, अशी त्या सात आकड्यामागची मांडणी आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी जागतिक दुर्मीळ आजार दिन असतो. त्याच्या आसपास ही दौड होते.

सातारा-सांगली पट्ट्याला लांब पल्ल्याचे धावणे नवे नाही. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर हिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात सलग तीन वर्षे बाजी मारली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचे आणि परत यायचे, अशा या २१ किलोमीटरच्या शर्यतीला राज्यभरातून लोक येतात.

हिमोफिलिया म्हणजे नेमके काय?

जखम झाली की रक्त गोठते. त्यासाठी रक्तातील अनेक घटक साखळीने काम करतात. त्यातील आठवा घटक म्हणजे फॅक्टर आठ कमी असेल तर हिमोफिलिया ‘ए’ आणि नववा कमी असेल तर हिमोफिलिया ‘बी’ होतो. साधारण पाच हजार मुलग्यांच्या जन्मामागे एकाला हिमोफिलिया ‘ए’ असतो. ‘बी’ त्याहून बराच दुर्मीळ आहे. फॅक्टरचे प्रमाण सामान्याच्या एक टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र, एक ते पाच टक्के असेल तर मध्यम आणि त्याहून जास्त असेल तर सौम्य मानला जातो.

हिमोफिलिया म्हटले की बोट कापल्यावर न थांबणारे रक्त डोळ्यासमोर येते. प्रत्यक्षात जास्त नुकसान करतो तो आतला, न दिसणारा रक्तस्राव. गुडघा, घोटा, कोपर अशा सांध्यांत काही कारण नसतानाही रक्त साचते. सांधा सुजतो, गरम होतो आणि वेदनेने पोर रात्रभर झोपत नाही. असे वारंवार झाले की सांधा कायमचा आखडतो. उपचार न मिळालेला मुलगा विशीच्या आतच लंगडत चालू लागतो. गुडघ्यांवर ४२ किलोमीटर सोसायला निघालेल्या धावपटूने या आजारासाठी पळावे, त्याला म्हणूनच एक वेगळा अर्थ आहे.

सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २८ लाखांहून अधिक होती. त्यातले निम्मे पुरुष धरले आणि पाच हजारांमागे एक असा ढोबळ हिशेब केला, तर एका जिल्ह्यात दोन-अडीचशेच्या पुढे रुग्ण असू शकतात. देशभरात मात्र नोंद झालेले रुग्ण अपेक्षेपेक्षा खूपच कमी आहेत. अनेकांचे निदानच होत नाही. दात काढताना किंवा साध्या शस्त्रक्रियेत रक्त थांबले नाही, की तेव्हा कुठे शंका येते.

तो घराण्यात कसा येतो?

फॅक्टर आठ आणि नऊचे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असतात. मुलग्याकडे एकच ‘एक्स’ असतो आणि तो आईकडून येतो. त्यावर दोष असेल तर भरून काढायला दुसरा नसतो. मुलीकडे दोन ‘एक्स’ असतात, त्यामुळे ती बहुधा वाहक राहते. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यता ५० टक्के असते. वडिलांना आजार असेल तर त्यांच्या सगळ्या मुली वाहक होतात, पण मुलग्यांना आजार जात नाही.

सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात मात्र आधी कुणालाच हा आजार नसतो. जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. हे गावोगाव सांगायला हवे. कारण ‘आईकडून आला’ एवढेच वाक्य घरात पोहोचते आणि मुलाच्या दुखण्याबरोबर सुनेच्या नशिबी बोलणीही येतात. जनुक कुणी निवडून देत नाही, त्यात कुणाचाही दोष नसतो.

थॅलेसेमिया आणि सिकलसेल हेही आनुवंशिक रक्तविकार आहेत, पण त्यांची चाल वेगळी आहे. त्यात आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच मुलाला तीव्र आजार होतो आणि प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता २५ टक्के असते. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जुनी आहे. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते, म्हणून अशा घरांत लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी साधी रक्ततपासणी महत्त्वाची ठरते.

निधीतून नेमके काय होते?

हिमोफिलियावरचा मूळ उपचार म्हणजे जो घटक कमी आहे तो शिरेतून देणे. हिशेब सोपा आहे. शरीराच्या प्रत्येक किलोला फॅक्टर आठचे एक युनिट दिले, की रक्तातले प्रमाण साधारण दोन टक्क्यांनी वाढते. ३० किलोच्या मुलाचे प्रमाण ४० टक्क्यांवर न्यायचे असेल तर सुमारे ६०० युनिट लागतात. हा घटक आठ ते बारा तासांत निम्मा होतो. त्यामुळे रक्तस्राव होऊच नये म्हणून उपचार घ्यायचे, तर आठवड्यातून दोन-तीनदा शीर शोधावी लागते. अलीकडे ‘एमिसिझुमॅब’ हे त्वचेखाली देण्याचे औषध आले आहे. ते आठवड्याने किंवा त्याहूनही जास्त अंतराने देता येते, पण महाग आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलिया ‘ए’च्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकीय उपचाराचे आश्वासक निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तो उपचार सर्वांपर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागेल.

राज्यात सरकारी व्यवस्थेतून फॅक्टर दिला जातो. मुंबईचे केईएम रुग्णालय, तसेच सातारा, नाशिक, ठाणे आणि अमरावती येथे हिमोफिलियासाठी डे केअर केंद्रे उभी राहिली. सांगलीहून सातारा सुमारे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे जवळपास तीन मॅरेथॉन. सुजलेला गुडघा घेऊन एसटीत बसलेल्या मुलासाठी हे अंतर किती लांब असते, याचा विचार धावणाऱ्याने जरूर करावा. जवळच्या सरकारी रुग्णालयात फॅक्टर मिळतो का, याची चौकशी रुग्णाच्या घरच्यांनी रक्तस्राव होण्याआधीच करून ठेवलेली बरी.

औषध सरकारकडून मिळाले तरी बाकीचे बरेच उरते. निदानासाठी शिबिरे, फिजिओथेरपी, घरच्या घरी इंजेक्शन देण्याचे प्रशिक्षण, शाळेतल्या शिक्षकांना माहिती, प्रवासखर्च, शिक्षणासाठी मदत, अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून देणे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचा समावेश आहे, पण कागदपत्रांच्या वाटेत अनेकांचा धीर सुटतो. ही कामे रुग्णसंस्था करतात. हिमोफिलिया फेडरेशन इंडिया ही संस्था १९८३ मध्ये अशोक बहादूर वर्मा यांनी स्थापन केली. त्यांना स्वतःला हा आजार होता. तिच्या शाखा देशभर आहेत.

अतिदुर्मीळ आजारांचे गणित आणखी कठीण आहे. २०२१ मध्ये मुंबईतील एका तान्ह्या मुलीच्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीवरील इंजेक्शनसाठी सुमारे १६ कोटी रुपये लोकवर्गणीतून जमले आणि केंद्राने त्यावरचा कर माफ केला. पण प्रत्येक मुलाच्या वाट्याला असा ओघ येत नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आले. त्याखाली निवडक केंद्रांत उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. केईएम हे त्यातील एक केंद्र आहे. धावून जमवलेला पैसा या सरकारी जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही, तो तिच्यातल्या फटी बुजवतो. देणगी मागतानाही हे स्पष्ट सांगावे.

संस्था खरी आहे हे कसे तपासावे?

गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या मंडळाला आपण पावतीपुस्तक विचारतो. इथेही तेच करायचे. संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक, गेल्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि आयकर विभागाची ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता चालू आहे का, हे पाहावे. जमलेल्या निधीतून किती रक्कम प्रत्यक्ष रुग्णांवर आणि किती व्यवस्थापनावर जाते, हे विचारण्यात संकोच नको. चांगली संस्था या प्रश्नाने नाराज होत नाही.

देणगीदाराला करसवलत हवी असेल तर तीन गोष्टी सांगाव्यात. ही सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही. आणि पावतीबरोबर संस्थेचे देणगी प्रमाणपत्र लागते, त्यासाठी पॅन क्रमांक द्यावा लागतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘माझ्या नंबरवर पाठवा, मी पुढे देतो’ असे म्हणणे. हेतू कितीही स्वच्छ असला तरी पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नयेत. आयकराचा प्रश्न उभा राहतो आणि उद्या कुणी हिशेब विचारला तर उत्तर देताना दमछाक होते. नोंदणी नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ क लागू होते. गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात ती याच कलमाखाली. देणगीदाराला संस्थेचाच दुवा किंवा खाते देणे हा सरळ मार्ग आहे.

परदेशातल्या नातेवाइकांबाबतही नियम आहेत. भारतीय पारपत्र असलेला अनिवासी भारतीय स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या काकांची देणगी मात्र परदेशी ठरते आणि ती घेण्यासाठी संस्थेकडे विदेशी योगदान कायद्याखालील नोंदणी असावी लागते. ती नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे.

तयारी कधी सुरू करायची?

सांगलीहून निघून कोल्हापूरच्या वेशीजवळ पोहोचावे, साधारण इतके हे अंतर आहे. ज्याला आज सलग पाच किलोमीटरही धावता येत नाही, त्याने पूर्ण मॅरेथॉनसाठी किमान वर्षभर द्यावे. आधी दहा किलोमीटर, मग अर्ध मॅरेथॉन आणि नंतर पूर्ण, हा क्रम सोडू नये. ज्याला दहा किलोमीटर आरामात जमते, त्याला १६ ते २० आठवड्यांची शिस्तशीर तयारी लागते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. मागे मोजत गेले, तर सप्टेंबरच्या सुरुवातीला तयारीला लागायला हवे.

आठवड्यात चार दिवस धावणे पुरते. त्यातले बहुतेक धावणे असे असावे, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. रविवारी लांब पल्ला. दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत तो ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत न्यायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा कमी करायचा. दोन दिवस मांड्या, पोटऱ्या आणि कंबरेचे व्यायाम. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर उतरवत आणायचे. नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत.

इथल्या धावपटूला एक खास इशारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू होतो. पहाटेच्या अंधारात रस्त्यावर उसाने भरलेले ट्रॅक्टर-ट्रॉली असतात आणि अनेकांना मागे परावर्तक नसतो. अंगावर चमकणारी पट्टी, वाहनांच्या समोरच्या दिशेने धावणे आणि कानात इअरफोन न घालणे या तीन गोष्टी पाळाव्यात. शक्य तितके धावणे मैदानावर किंवा कॉलनीच्या आतल्या रस्त्यांवर करावे.

खाण्याचे गणितही समजून घ्यावे. किलोमीटरमागे शरीराच्या प्रत्येक किलोला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी सुमारे २,७०० लागतात. शरीरात साठवलेली साखर सुमारे दोन हजार पुरवते. म्हणून तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय अचानक दगडासारखे होतात. हे टाळायला धावतानाच खावे लागते. महागडी जेल हवीच असे नाही. तासगावचे बेदाणे, केळे, खजूर चालतात. मात्र जे शर्यतीत खायचे, ते सरावात खाऊन पोटाला मानवते का, हे पाहावे.

धोका किती?

अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील मॅरेथॉन आणि अर्ध मॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख जणांचा अभ्यास झाला. त्यात ५९ जणांची हृदयक्रिया धावताना किंवा लगेच नंतर बंद पडली आणि त्यातील ४२ जण दगावले. म्हणजे धोका कमी आहे, शून्य नाही. पस्तिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि घरात तरुण वयात हृदयविकार झालेल्यांनी तयारीपूर्वीच डॉक्टरांना भेटून ईसीजीसह तपासणी करावी. धावताना छातीत दडपण, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचे. त्या क्षणी देणगीचा आकडा आठवायचा नाही.

दुसरा धोका अतिपाण्याचा. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घटलेले आढळले. संथ धावणारे, तहान नसताना प्रत्येक टेबलावर पाणी पिणारे यात अडकतात. तहानेप्रमाणे प्यावे, मधूनमधून क्षार असलेले पेय घ्यावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मूत्रपिंडाला महागात पडू शकते.

वाहक असलेल्या आई-बहिणीने धावावे का?

हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. रुग्णासाठी धावायला बहुधा घरातलीच व्यक्ती उभी राहते. वाहक स्त्रियांपैकी काहींच्या रक्तातही फॅक्टरचे प्रमाण कमी असते. पाळीत खूप रक्तस्राव होणे, सहज काळेनिळे डाग पडणे, बाळंतपणात किंवा दात काढताना जास्त रक्त जाणे ही त्याची लक्षणे. अशा स्त्रीने तयारी सुरू करण्याआधी फॅक्टरची पातळी तपासून घ्यावी. प्रमाण ठीक असेल तर धावायला हरकत नसते. सतत रक्त जात असल्यास हिमोग्लोबिनही पाहावे, कारण रक्तक्षय अंगावर काढून लांब पल्ला धावणे घातक आहे. स्वतः रुग्ण असलेल्याने धावायचे की नाही, हे त्याच्या रक्तविकारतज्ज्ञानेच ठरवावे. पोहणे आणि चालणे सांध्यांना सुरक्षित मानले जाते. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या आणि स्नायूतली इंजेक्शने हिमोफिलियाच्या रुग्णाने टाळायची असतात, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

गोष्ट कुणाची, सांगायची किती?

निधी मागताना लोक आकड्यांपेक्षा माणसाची गोष्ट ऐकतात. इथेच सर्वांत नाजूक वळण येते. आनुवंशिक आजाराची माहिती एकट्या रुग्णाची नसते, ती सगळ्या घराची असते. ‘माझ्या भाच्याला हिमोफिलिया आहे’ असे मुलाच्या फोटोसह व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, की त्याच्या आईबद्दल, मावशीबद्दल आणि लग्नाच्या बहिणीबद्दलही काही सांगून टाकले जाते. आपल्याकडे स्थळ पाहताना अशा बातम्या कशा फिरतात, हे वेगळे सांगायला नको. एकदा पुढे गेलेला संदेश मागे घेता येत नाही. आज सहा वर्षांचा असलेला मुलगा सोळाव्या वर्षी तोच फोटो पाहणार आहे.

म्हणून आधी घरात बसून बोलावे. आई-वडिलांची संमती लेखी घ्यावी आणि मूल जाणते असेल तर त्यालाही विचारावे. ज्या बहिणीवर परिणाम होऊ शकतो, तिचा नकार अंतिम मानावा. नाव, शाळा, गाव, चेहरा न दाखवताही आजार समजावता येतो. रडणाऱ्या मुलाच्या फोटोपेक्षा ‘६०० युनिट म्हणजे एका सुजलेल्या गुडघ्याचा एक डोस’ हे वाक्य देणगीदाराच्या जास्त लक्षात राहते, आणि त्यातून कुणाची मान खाली जात नाही.

शर्यत पूर्ण झाली नाही तर?

पहिल्याच प्रयत्नात दुखापत होणे, वेळेच्या मर्यादेत न पोहोचणे, ऐनवेळी तापाने आजारी पडणे हे होऊ शकते. देणगी संस्थेसाठी असते, पदकासाठी नसते. हे सुरुवातीलाच लिहून ठेवले, तर दुखऱ्या पायाने केवळ लोकलाजेखातर धावण्याची वेळ येत नाही. संस्थेचे देणगी परताव्याचे नियमही आधी विचारून ठेवावेत.

शर्यतीनंतर साधारण महिनाभरात प्रत्येक देणगीदाराला तीन ओळींचा हिशेब पाठवावा. एकूण किती जमले, संस्थेकडे कधी पोहोचले आणि त्यातून काय होणार आहे. पाच हजार देणाऱ्याला आणि पन्नास रुपये देणाऱ्या दूधवाल्यालाही तोच संदेश. त्याच संदेशात आणखी एक ओळ घालता येते. घरात कुणाचे रक्त लवकर थांबत नसेल, सांधे वारंवार सुजत असतील, तर एकदा रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या. ती वाचून एखादे न झालेले निदान झाले, तर त्या घरातल्या मुलाचा गुडघा वेळेत वाचेल. १७ एप्रिल हा जागतिक हिमोफिलिया दिन असतो. जानेवारीत धावलेल्याने एप्रिलमध्ये हा संदेश पुन्हा पाठवावा.